पांढऱ्या भिंतीवरचा खेळ

“पोरं मांडीवर घ्या, म्हातारी माणसं पुढं बसवा! धोंडोपंत निघाले हो नवरी बघायला!”

पाऊणशे वर्षांहून जास्त झाली त्या आवाजाला, पण नर्मदाबाईंच्या कानात तो अजून आगटीतून काढलेल्या हुरड्यासारखा ऊन-ऊन होता. पडद्यावरची माणसं मुकी. ती हसायची, भांडायची, धडपडायची, पण ओठांतून शब्द फुटायचा नाही. शब्द त्यांना सिताराम द्यायचा, नर्मदाबाईंचा बाप. पडद्याच्या उजव्या अंगाला कडुलिंबाची छडी घेऊन तो उभा राहायचा, आणि धोंडोपंताच्या पागोट्याचा शेमला टांग्याच्या चाकात अडकला की छडी तिथं टेकवून ओवी सोडायचा:

*शेमला पागोट्याचा, गेला चाकाच्या आऱ्यात*
*धोंडोपंताची गं अब्रू, सांडली भर बाजारात*

तंबूतली माणसं हसून एकमेकांच्या अंगावर पडायची. बाया तर ती ओवी पदराला बांधून घरी न्यायच्या. चारठाण्याला खेळ झाला की दुसऱ्या पहाटे घराघरांतल्या जात्यावर धोंडोपंत फिरायला लागायचा. चित्र वर्षातून एकदा, ओवी वर्षभर. मागं यंत्राचा दांडा फिरवायला धाकटा भाऊ मुंजाजी. दोघं भाऊ, एक बैलगाडी, एक तंबू आणि बारा मिनिटांचं एकच हसवणारं रीळ, ‘पागोट्याची पंचाईत’. तिकडं शहरांत बोलपट येऊन जुने झाले होते. इकडं खेड्यांत अजून सितारामच बोलत होता.

“आत्या, ओ आत्या! कुटं गेलात?”

“हितंच हाय गं माय. ह्या वयात मी कुटं जाते?”

माहेरी येऊन राहिलेल्या नर्मदाबाईंची भाचेसून राजेश्री स्टुलावर चढून खिडकीला वाकळ टांगत होती. दुपारचे दोन वाजले होते, झरी गावचं ऊन फटीफटीतून आत घुसत होतं आणि खोलीत अंधार व्हायला हवा होता. ज्वारीची पोती एका कडेला सरकवून समोरची भिंत कालच चुन्यानं पोतली होती. त्या भिंतीसमोर अर्पिता, राजेश्री आणि भाचा गोपाळ यांची लेक, आपलं लहानसं यंत्र मांडून वायरींशी झटत होती. पुण्याला जुन्या चित्रपटांच्या संग्रहालयात तिची नोकरी. घरात कुणाला ती नोकरी नेमकी काय आहे हे सांगता येत नव्हतं. गोपाळ लोकांना सांगायचा, “सरकारी हाय आन् पंख्याखाली हाय.”

“आत्याआजी, साडेतीन मिनिटंच सापडलंय हं,” अर्पिता म्हणाली. “हैदराबादेत एका घरात जुनी पेटी निघाली, त्यात हा तुकडा. मधल्या मजकुराच्या पाट्या नाहीत, शेवट नाही. देशात दुसरी प्रत नाही. राहिलेली गोष्ट काय होती, ते सगळ्या जगात फक्त तुला माहीत आहे.”

“सगळ्या जगात?” नर्मदाबाईंनी बोळकं उघडून हसून घेतलं. “अगं, मला मानवतच्या पलीकडं काय हाय ते धड माहीत न्हाई!”

हसल्या खऱ्या, पण मानवत हा शब्द तोंडातून गेला आणि नजर दाराकडं गेली. कारण आज मानवतहून बन्सीधर यायचा होता. मुंजाजीकाकाचा मुलगा. एवढ्या वर्षांत या उंबऱ्याच्या आत मुंजाजीचं माणूस आलं नव्हतं. आज येणार होतं ते एका ओळीपायी.

ती ओळ अर्पिताच्या पुस्तिकेत होती. पुढच्या आठवड्यात पुण्याला तो तुकडा लोकांना दाखवायचा होता, त्याची पुस्तिका उद्या छापायला जायची होती. ‘झरी येथील सिताराम यांच्याकडची प्रत त्यांचे धाकटे बंधू मुंजाजी यांनी परस्पर बांगड्यांच्या कारखानदाराला विकून टाकली.’ गोपाळनं सांगितलं तसं तिनं लिहिलं होतं. पण पोर न्यायाची. म्हणाली, ज्यांच्या वडिलांबद्दल छापायचं त्यांना वाचून दाखवल्याशिवाय छापणार नाही. त्यावरून बापलेकीत तीन दिवस अबोला झाला, आणि मग बन्सीधरला फोन गेला.

नर्मदाबाई त्या तीन दिवसांत नीट जेवल्या नव्हत्या.

बाहेर नळाचं पाणी वाजलं. कुणीतरी पाय धूत होतं, चांगलं घोट्यापर्यंत, देवळात जायचं असावं तसं.

“या काका,” गोपाळचा आवाज आला. कोरडा, सरळ.

बन्सीधर दारात उभा राहिला. त्र्याहत्तरीचा, काटक, पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. खोलीभर नजर फिरवून तो सरळ नर्मदाबाईंपाशी आला आणि त्यानं वाकून पायांवर डोकं ठेवलं.

“अक्का, मी बन्सी.”

“वळखलं रे.” कपाळ, नाक, वाकायची लकब, सगळा मुंजाजीकाकाच वाकला होता. त्यांनी त्याच्या टोपीवर हात ठेवला तो उचलवेना. “कशानं आलास?”

“यष्टीनं. परभणीला बदलली. लेक म्हणत व्हता मोटरसायकलवर सोडतो, मी मनलं नको. पयल्यांदा जायलोय, सवताच्या पायानं जाऊ दे.”

राजेश्रीनं पाणी दिलं, चहा ठेवला. गोपाळ पोत्यावर बसून मोबाईलकडं बघत राहिला. मग बन्सीधरच बोलला.

“बोलावलंत, लय झालं बाबा. माझा बाप गेला तवा बी हितून कुणी आलं न्हवतं. गाऱ्हाणं न्हाई करायलो. बोलावलंत ह्याचंच बोलायलो. बापाचं घर कसं आसतं ते बगायला मिळालं.”

कुणी आलं नव्हतं. नर्मदाबाईंनी नजर खाली घातली. त्या गेल्या होत्या. छत्तीस वर्षांमागं, तेराव्याच्या दिवशी, मानवतच्या बसस्टँडपर्यंत. डझनभर केळी घेऊन बाकावर बसल्या. सांगायचं ते मनात घोळवलं. समोरून तीन रिक्षा गेल्या, चौथी गेली, आणि परत येणाऱ्या बसमध्ये त्या चढल्या. केळी शेजारच्या बाईच्या पोरांना दिली.

अर्पितानं ओळ वाचून दाखवली.

बन्सीधरनं मान हलवली. “बरोबर हाय.”

“मग झालं तर,” गोपाळ म्हणाला.

“एक करता का?” बन्सीधरनं हात जोडल्यासारखे गुडघ्यावर ठेवले. “‘विकून टाकली’च्या जागी ‘त्यांच्या हातून गेली’ आसं लिवता का? तेवढंच. माझी नातवंडं वाचतील.”

“काका, खरं ते खरं,” गोपाळ एकदम पेटला. “आमचे आजोबा त्या दिसापासून पडद्यापाशी उभे ऱ्हायले न्हाईत. तंबू विकला, सालगडी मनून ऱ्हायले. ज्या माणसानं मुक्यांना बोलतं केलं, त्याची वाचा गेली. आन् मुंजाजीआजोबांनी सवताच्या तोंडानं कबूल केलतं, का न्हाई?”

“केलतं. मी कुटं नाही म्हणायलोय?”

“पप्पा, हळू बोला,” अर्पिता म्हणाली.

“हळूच बोलायलोय!”

“तुमचं हळू शेजारी ऐकू चाललंय,” राजेश्रीनं चहाचे कप आपटल्यासारखे ठेवले. “पाहुण्याला आधी चहा पिऊ द्या. भांडण काही पळून चाललं न्हाई, इतकी वर्षं दम धरलाय त्यानं.”

बन्सीधर हसला. खळखळून, अगदी गोपाळसुद्धा क्षणभर ओठ चावून बसला. बन्सीधर म्हणाला, “सूनबाई, माझा बाप बी आसंच बोलायचा. मानवतला जिनिंगात व्हता. सांजच्याला अंगावरचा कापूस झाडायचा आन् आमाला पुढ्यात बसवून धोंडोपंत सांगायचा. चित्र न्हाई, काई न्हाई. नुसता हात फिरवायचा, यंत्राचा दांडा फिरवल्यागत. आन् शेवटाला म्हणायचा, आमची नर्मदा ल्हानपणी बी म्हणायची तशी ओवी मला येत न्हाई रे, ती ऐकायची आसंल तर झरीला जा.”

“आसं म्हणायचा?” नर्मदाबाईंच्या तोंडून निघालं.

“दर वेळंला. आमच्या आईला राग यायचा.” त्यानं पिशवीतून लाल फडक्यात बांधलेली पोथी काढली. “ही त्याची. तुमाला दाखवायला आणली, कारण हिच्यात एक खूण हाय. मरताना मनला, ही काढू नको. आता ह्या पोरीला कळंल काय हाय ते.”

पोथीच्या मधोमध बोटभर रुंद, वीतभर लांब अशी एक पिवळट पारदर्शक पट्टी होती. अर्पितानं ती दोन बोटांत अलगद धरली, वाकळीच्या फटीतल्या उन्हापाशी नेली.

“ही फिल्म आहे,” ती सावकाश म्हणाली. “हे बघा, दोन्ही कडांना भोकं. पण कोरी आहे. चित्राचा थर धुऊन काढलाय. गरम पाण्यात खार टाकला की निघतो. जुन्या रिळांच्या बांगड्या करणारे असंच करायचे.”

“घ्या!” गोपाळ उठूनच उभा राहिला. “आजून काय पुरावा पायजे? बांगडीवाल्यानं धुतलेला तुकडा! पोथीत ठेवला, पाप फेडायला!”

बन्सीधरचा चेहरा उतरला. ज्या खुणेला तो आशीर्वाद समजून आयुष्यभर जपत आला, ती त्याच्याच हातानं बापाविरुद्ध साक्ष द्यायला आली होती. त्यानं पोथी मिटली. पुन्हा उघडली. पट्टी ठेवायला पान सापडेना.

“बघू,” नर्मदाबाई म्हणाल्या. “माझ्यापाशी द्या.”

पट्टी तळहातावर आली आणि हात आठ वर्षांचे झाले.

उन्हाळ्याचे दिवस, उडदाच्या पापडांची घाई. आदल्या दिवशी बाप मुंजाजीकाकाला म्हणाला होता, “रीळ लय मळलं रे मुंज्या, धोंडोपंताचं तोंड दिसंना.” एवढंच. आणि तिनं ते ऐकलं होतं. कंदिलाचा तेलकट मळ आई कशानं काढते ते तिनं पाहिलं होतं. घरी कुणी नव्हतं. तिनं घंगाळात कढत पाणी ओतलं, मूठ-मूठ पापडखार टाकला, आणि डब्यातलं रीळ उलगडून त्यात सोडलं. पाणी आधी जांभळं झालं, मग काळं. किती मळ गं बाई! ती खुशीत चोळत राहिली. बाप संध्याकाळी डबा उघडंल, म्हणंल, कुणी केलं एवढं लख्ख? मी सांगीन, नर्मदानं. तुराट्यांच्या कुडावर तिनं रीळ वाळत घातलं, एक टोक धरून उन्हाकडं पाहिलं, तर पलीकडची बाभळ स्वच्छ दिसली. धोंडोपंत नव्हता. टांगा नव्हता. काहीच नव्हतं.

विहिरीकडून मुंजाजीकाका आला. कुडाकडं पाहिलं, घंगाळातल्या पाण्याकडं पाहिलं, आणि मग तिच्या हातांकडं. खारानं सोलवटून लाल झाले होते. तो एक शब्द रागाचा बोलला नाही. खोबरेल आणून एकेका बोटाला लावलं, फुंकर घातली. रीळ गुंडाळून डब्यात भरलं. “तू गप ऱ्हा,” म्हणाला. “कायबी झालं तरी गप ऱ्हा. मी हाय.”

त्या सांजेला दादाला कसं सांगावं या विचारातच तो होता, तोवर तंबू भरला आणि तेच रीळ त्याला यंत्रावर चढवावं लागलं. पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडला. आणि सितारामनं, तिच्या बापानं, काय केलं? छडी उचलली. कोऱ्या पडद्यावर टांगा दाखवला, चाक दाखवलं, शेमला दाखवला, बारा मिनिटं एकही ओवी न गाळता. माणसं हसली. काहींना तर नंतर वाटत राहिलं की आपण चित्र पाहिलं. खेळ संपल्यावर बाप यंत्रापाशी आला. “हे ज्यानं केलं, त्याचं नाव ह्या तोंडातून पुन्हा निघणार न्हाई.” आणि मुंजाजीकाका म्हणाला, “दादा, मी विकलं. बांगडीवाल्याला. हे कोरं बदल्यात आणलं.”

पहाटे तो गेला. दावणीपाशी झोपेचं सोंग घेऊन पडलेल्या तिच्या अंगावर त्यानं वाकळ सारखी केली आणि गेला.

“आजी?” अर्पितानं विचारलं. “बरं वाटत नाही का?”

“लाव तुझं यंत्र,” त्या म्हणाल्या. पट्टी त्यांनी मुठीत धरली होती. “आधी खेळ. मग ज्याला जे लिवायचं ते लिवा.”

दार लावलं. भिंतीवर उजेड पडला, थरथरला, आणि धोंडोपंत आला.

आला! तोच गुबगुबीत गाल, तीच कोरलेली मिशी, तोच नवरदेवाचा ताठा. नर्मदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तोंडातून ओवी, दोन्ही एकदमच. आवाज जुन्या बिजागरीसारखा किरकिरला, मग वाट सापडली. टांगा आला, शेमला अडकला, पागोटं गरागरा सुटायला लागलं. ते भाजीच्या पाट्यांवरून गेलं, न्हाव्याच्या गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतून गेलं, हवालदाराच्या काठीला वेढा घालून गेलं, आणि प्रत्येक वळणावर म्हातारीची ओवी त्याच्या एक पाऊल पुढं.

*न्हावी सोडी ना वस्तरा, गिऱ्हाईक सोडी ना पाट*
*अर्धी मिशी गं घेऊन, लागे पागोट्याची वाट*

राजेश्री पदर तोंडात कोंबून हसत होती. बन्सीधरनं हसता हसता गोपाळच्या मांडीवर थाप मारली, आणि गोपाळनं ती मारू दिली. दोघांची हसण्याची तऱ्हाही एकच होती, आधी खांदे हलायचे, आवाज मागून यायचा.

मग फट्कन भिंत पांढरी झाली. साडेतीन मिनिटं संपली होती.

अर्पितानं बटणाकडं हात नेला.

“ऱ्हाऊ दे,” नर्मदाबाई म्हणाल्या. “उजेड बंद करू नको.”

त्या उठल्या. राजेश्रीच्या खांद्याचा आधार घेतला, मग सोडला. हातातली काठी उचलून भिंतीच्या उजव्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या. सावली अर्ध्या भिंतीवर पडली. काठीचं टोक पांढऱ्या चुन्यावर टेकवून त्यांनी विहीर दाखवली. विहिरीवर पाणी शेंदणारी यमुना दाखवली, तीच नवरी. पागोट्याचं टोक वाऱ्यानं येऊन तिच्या घागरीला अडकलं, तिला वाटलं दोर. तिनं घागर सोडली, पलीकडून धोंडोपंत ओढला गेला, काठावर आला, आणि धप्प!

*पाणी शेंदाया गं गेली, यमुना ती साळूबाई*
*घागरीत आला नवरा, आता बघायाचं काई?*

अर्पिता मोबाईलवर आवाज टिपत होती. गोपाळ पोत्यावरून खाली उतरून लहान मुलासारखा जमिनीवर बसला होता. बाप असाच उभा राहिला असेल का त्या रात्री, नर्मदाबाईंना वाटलं, डोळ्यांपुढं काही नसताना? ज्यांच्यापुढं उभं राहिलं ती माणसं हसली, हेच त्याला पुरलं असेल. आणि आज आपल्यापुढं ही चार माणसं. एकाच खोलीत. देवा, लय दिलंस.

यमुनेनं शेंदून काढलेला धोंडोपंतच तिचा नवरा झाला. गोष्ट संपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण काठी भिंतीवरून हलली नाही.

*संपला गं बाई खेळ, रीळ डब्यात भरलं*
*आठ वर्षांच्या पोरीनं, खार घालून धुतलं*

गोपाळ पुन्हा हसला. “हे बी होतं का पिच्चरमधी?”

*धोंडोपंत गेला वाहून, पाणी झालं काळंशार*
*पोर म्हणे माझ्या बापाचा, केला लख्ख गं संसार*

राजेश्रीही हसली. बन्सीधर मात्र हसला नाही. तो काठीकडं नव्हे, काठी धरलेल्या हाताकडं बघत होता.

*सोलले पोरीचे हात, काका घालितो फुंकर*
*घेऊन तिचा गुन्हा डोई, सोडी आपुलं गं घर*

पुढची ओवी आली नाही. नर्मदाबाईंनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि बन्सीधरसमोर येऊन बसल्या. मूठ उघडली, कोरी पट्टी त्याच्या पोथीवर ठेवली, आणि ज्या हातांना मुंजाजीकाकानं तेल लावलं होतं ते दोन्ही हात पालथे करून त्याच्यापुढं धरले.

“काका गेल्यावर बापानं मला आठ वर्षं ओव्या शिकवल्या,” त्या म्हणाल्या. “लगीन होऊन जाईस्तोवर. रोज सांजच्याला पुढ्यात बसवून. मला बाप मिळाला तो तुझ्या बापामुळं मिळाला, आन् मी काकाला कधी शब्दानं बी सांगितलं न्हाई की मला ते कळलंय. आज तू ऐक, त्याच्या जागी. अर्पिता, तू लिव. गोपाळ, तू बी ऐक. रीळ कुणी विकलं न्हाई रे. ते मी धुतलं.”